कृष्णाकाठची वृत्तपत्रे : प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगावयास बसले की लेखणी आपोआप मुंबई-पुण्याकडे वळते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले येथून ती निघते, भाऊ महाजनांचा 'प्रभाकर', पुण्याचा 'ज्ञानप्रकाश', मुंबईचा 'इंदुप्रकाश' असे मुक्काम करीत 'केसरी'पाशी विसावते, आणि जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी निघालेल्या शेकडो पत्रांची वासलात एखाद्या तळटीपेत लावून मोकळी होते. हे केवळ दुर्लक्षामुळे घडले असे म्हणता येणार नाही. मुफसलातील, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या मुलखातील, पत्रे ही राजधानीच्या पत्रांच्या लहान आणि किंचित ओबडधोबड प्रतिकृती होत, ही एक समजूत त्यामागे आहे. आणि प्रस्तुत संग्रहाचा सारा खटाटोप ती समजूत खोडून काढण्यासाठी आहे.

मुंबईच्या पत्राचा संपादक ज्यांच्याविषयी लिही त्यांतील बहुतेकांची आणि त्याची जन्मात गाठ पडावयाची नव्हती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलावर त्याने कितीही कोरडे ओढले तरी दुसऱ्या दिवशी मंडईत कौन्सिलाचा सभासद त्याला आडवा येईल अशी धास्ती त्याला नसे. तालुक्याच्या गावचा संपादक मात्र ज्या मामलेदाराच्या तगाईवाटपातील गफलत छापी, त्याच मामलेदाराच्या कचेरीत त्याला स्वतःच्या जमिनीच्या दाखल्यासाठी ताटकळत उभे राहावे लागे. ज्या सावकाराच्या व्याजाविषयी टीका करी, त्या सावकाराचा मुलगा आणि त्याचा मुलगा एकाच शाळेत एकाच बाकावर बसत. आणि ज्या वाचकांसाठी हे सर्व लिही, त्यांच्याकडे वर्षाची वर्गणी थकलेली असे ती निराळीच. वाचक, वर्गणीदार, टीकेचा विषय आणि शेजारी या चारही भूमिका एकाच माणसाकडे असल्या म्हणजे लेखनाला जे वळण लागते ते मोठ्या शहरातल्या पत्राला लागू शकत नाही. या पत्रांचा भित्रेपणा आणि त्यांचे अवसानाबाहेरचे धाडस ही दोन्ही याच एका परिस्थितीतून उपजली, असे माझे मत आहे.

सातारा जिल्हा या दृष्टीने अभ्यासास विशेष सोयीचा. येथे जिल्हा म्हणजे जुना जिल्हा समजावा, ज्यात वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. एका बाजूस खालसा मुलूख, मध्ये मध्ये औंध-फलटणसारखी संस्थाने, वाईसारखे विद्येचे क्षेत्र, इस्लामपूरसारखी बाजारपेठेची व कचेरीची गावे आणि नंतरच्या काळात किर्लोस्करवाडीसारखी माळावर वसलेली कारखान्याची वसाहत, असे नाना प्रकारचे गावपण या एका टापूत एकवटले आहे, आणि प्रत्येकाने आपल्या प्रकृतीला साजेसे पत्र जन्माला घातले.

मुफसलातील मुद्रणाची सुरुवात मात्र साताऱ्याची नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' काढला, तो जिल्ह्याच्या गावाहून निघालेल्या पत्रांतील अगदी आरंभीचा. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू. पण त्याला उत्तर देण्याच्या ईर्षेने जी मंडळी छापखान्याकडे वळली त्यांचे ऋण मिशनऱ्यांकडे निघते की त्यांच्या विरोधकांकडे, हा हिशोब अजून कोणी चुकता केलेला नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी पत्रे उभी राहिली. साताऱ्यास १८५८ मध्ये 'शुभसूचक' आले, बेळगावास १८६३ मध्ये 'बेळगाव समाचार', ठाण्यास 'अरुणोदय', वऱ्हाडात अकोल्याचा 'वऱ्हाड समाचार'. सातारचे साल सहज वाचून पुढे जाण्याजोगे नाही. छत्रपतींचे राज्य खालसा होऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती. आदल्या वर्षी, १८५७ मध्ये, याच गावातील गेंडा माळावर फाशी, तोफ आणि गोळी अशा तिन्ही मार्गांनी माणसे मारण्यात आली होती. आणि कॅनिंगसाहेबाचा छापखान्यांवर परवान्याची सक्ती करणारा कायदाही त्याच वर्षीचा होता. अशा वेळी जे पत्र निघाले ते सरकारच्या मर्जीविषयी दक्ष असणार हे ओघानेच आले, आणि आजच्या वाचकाने त्याच्या अदबशीर भाषेस नाक मुरडण्यापूर्वी हा काळ ध्यानात घ्यावा.

जिल्ह्याच्या गावानंतर पाळी आली तालुक्यांची, आणि येथे पत्रापेक्षा छापखान्याची गोष्ट अगोदर सांगितली पाहिजे. तालुक्याच्या गावी कोणी वृत्तपत्र काढावयाचे म्हणून छापखाना घालीत नसे. छापखाना घातला आणि यंत्र आठवड्यातून चार दिवस रिकामे राहू लागले म्हणजे पत्राची कल्पना सुचे. आरंभीचे छापखाने शिळाप्रेसचे. चिकट शाईने कागदावर मजकूर लिहावयाचा, तो दगडावर उलटा उठवावयाचा, आणि ओल्या दगडावरून एकेक ताव दाबून काढावयाचा. यात लेखकूचे अक्षर हेच पत्राचे रूप असल्यामुळे लेखकू आजारी पडला की पत्राचा चेहरा बदले. पुढे शिशाचे खिळे आले. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या रोमनच्या कित्येक पट होत असल्याने जुळाऱ्यासमोरची घरे भिंतभर पसरत, आणि एखादा खिळा कमी पडला तर त्या शब्दाऐवजी दुसरा शब्द योजण्यापर्यंत मजल जाई. एक गडी रुळाने शाई लावणार, दुसरा दांडा ओढणार. एक बाजू छापून ती वाळली म्हणजे दुसरी बाजू. बातमी शिळी का, याचे उत्तर पुष्कळदा संपादकाच्या आळसात नसून या वाळत घातलेल्या तावांत असे.

वाईचा 'मोदवृत्त' हा या व्यवस्थेचा उत्तम नमुना. काशीनाथ वामन लेले हे त्याचे चालक. धर्मशास्त्र आणि पुराणे यांत गढलेला गृहस्थ आणि साप्ताहिकाचा संपादक ही दोन माणसे त्यांच्या ठायी एकत्र नांदत, आणि मोदवृत्त छापखान्यातून निघणाऱ्या धार्मिक ग्रंथांनी पत्राच्या खर्चास आधार दिला. पोथ्या, पंचांगे, लग्नपत्रिका, कोर्टाचे कोरे नमुने, दिवाणी दाव्यांच्या जाहीर नोटिसा आणि जप्तीच्या मालाचे लिलाव : मुफसलातील पत्रांचा चरितार्थ बहुधा यावरच चाले. सरकारी नोटिसांचे उत्पन्न हे दुधारी प्रकरण होते. ते मिळत राहावे म्हणून कचेरीशी बिघाड करावयाचा नाही, आणि कचेरीविरुद्ध अवाक्षर काढले नाही तर वाचक वर्गणी द्यावयाचा नाही. यातून जी एक खास शैली निर्माण झाली तिच्याकडे वाचकाने लक्ष द्यावे. त्यात कलेक्टरसाहेबांच्या न्यायप्रियतेची स्तुती आधी येते आणि मग हाताखालच्या अव्वल कारकुनाचे वाभाडे निघतात. या शैलीला लाचारी म्हणणारे अभ्यासक आहेत. मला तिच्यात पुष्कळसा धूर्तपणा दिसतो, कारण कारकुनाचे वाभाडे कोणापर्यंत पोहोचावयाचे हे लिहिणारास आणि वाचणारास सारखेच ठाऊक असे.

पण ही सावधगिरी सुटली म्हणजे काय होई याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे, आणि त्यासाठी थोडे थांबले पाहिजे. १८९७ साल. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून क्षोभ माजलेला, जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेलेली, सप्टेंबरात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झालेली. याच वर्षी वाळवे तालुक्यातील इस्लामपूरहून निघणाऱ्या 'प्रतोद' या पत्रात स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी एक लेख आला होता. लेखाचे निमित्त कॅनडा देशाचे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी बसून अटलांटिकपलीकडच्या वसाहतीचे दाखले देणारा हा संपादक किती जणांपर्यंत पोहोचत असेल याचा अंदाज सरकारला नव्हता असे नाही. तरीही राजद्रोहाचा खटला उभा राहिला, आणि साताऱ्याच्या सेशन्स जज्जाने संपादकास जन्मठेप काळे पाणी व मालकास सात वर्षे काळे पाणी ठोठावले. टिळकांना अठरा महिने आणि इस्लामपूरच्या संपादकास आजन्म! अपील मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्ण पीठापुढे गेले. मुख्य न्यायाधीश फॅरन, पार्सन्स आणि महादेव गोविंद रानडे यांनी अपराध कायम ठेवून शिक्षा संपादकास एक वर्ष आणि मालकास तीन महिने इतक्यावर आणली. अप्रीती म्हणजे काय, याचा जो खल त्या निकालात झाला तो राजद्रोहाच्या कायद्याच्या इतिहासात आजही वाचला जातो, आणि पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचे कलम सरकारने अधिक ऐसपैस करून घेतले. वाईच्या 'मोदवृत्ता'वरही १८९७ मध्येच खटला झाला. राजधानीत बॅरिस्टर, जामीन देणारे धनिक, ज्यूरी आणि विलायतेपर्यंत बोभाटा करणारी माणसे असत. जिल्ह्याच्या कोर्टात संपादक आणि त्याचा नशिबाने मिळालेला वकील. राष्ट्रीय चळवळीचा इतिहास लिहिताना ही विषमता लक्षात घेतली गेली नाही, हे मला त्या इतिहासाचे मोठे वैगुण्य वाटते.

येथवर ज्या पत्रांचा उल्लेख आला त्यांचे बहुतेक चालक आणि वाचक ब्राह्मण व पांढरपेशे होते हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कुणब्याचे नाव त्यांत येते ते दुष्काळात, जप्तीत किंवा फौजदारी खटल्यात. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यास 'दीनबंधु' काढून या एकारलेपणास पहिले उत्तर दिले. पण ते शहरातून. खेड्यातून उत्तर आले ते त्यांच्याच पुत्राकडून. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये नगर जिल्ह्यात 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले, प्रथम सोमठाण्याहून, पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीहून. तरवडी हे ना जिल्ह्याचे ठिकाण ना तालुक्याचे, ना तेथे रेल्वे ना कोर्ट. म्हणजे नोटिसांचे उत्पन्नही नाही. त्यातून वर्षही असे की त्याच फेब्रुवारीत नवा प्रेस ॲक्ट आलेला, ज्यान्वये नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजारांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला होता. अशा ठिकाणी, अशा वेळी सुरू झालेले पत्र संपादकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, चालले. मराठी पत्रसृष्टीत दीर्घायुषी पत्रे आहेत. पण खेड्यात राहून सत्तावन्न वर्षे टिकलेले दुसरे पत्र मला आठवत नाही.

सातारच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत नगरच्या पत्राला एवढी जागा का, असे कोणी विचारील. एक तर सातारा जिल्हा हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला, आणि १९१९ ते १९२१ च्या सुमारास येथील कुळांनी जो उठाव केला त्याच्या मागची भाषा 'दीनमित्र'सारख्या पत्रांनी घडविली. सत्यशोधकी जलशाच्या फडात जे ऐकू येई आणि 'दीनमित्रा'त जे छापून येई त्यांत फार अंतर नव्हते. दुसरे असे की, शेजारच्या मुलखातून येणारे पत्र आपल्या गावाविषयी आपल्या गावच्या पत्रापेक्षा मोकळेपणाने लिहिते. कुलकर्णी, जोशी, सावकार यांच्याविषयी इस्लामपूरच्या किंवा वाईच्या पत्राने जे लिहिले नसते ते तरवडीचे पत्र लिही. मुकुंदरावांचे 'कुलकर्णी लीलामृत' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्यांच्या लेखणीची धार निराळी सांगावयास नको. त्यांच्या उपहासात क्वचित अतिरेक होतो आणि प्रतिपक्षाला माणूस म्हणून जागा उरत नाही, हेही मी येथे नमूद करतो. परंतु ज्या समाजात शेकडा दहांनाही अक्षर येत नव्हते, तेथे चावडीवर एकाने मोठ्याने वाचावयाचे आणि वीस जणांनी ऐकावयाचे अशा वाचनासाठी लिहिलेल्या मजकुरास कानाला पोहोचेल एवढा आवाज चढवावाच लागतो.

यानंतरच्या काळावर मी भरभर जातो. किर्लोस्करवाडीस १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली. नांगर आणि चरक यांच्या कारखान्याचे हे घरगुती पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती 'किर्लोस्कर' मासिक होऊन साऱ्या महाराष्ट्रात पसरले, आणि १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडे त्याला लाभली. औंधास सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाची मासिके निघत होती. म्हणजे एकाच छोट्या संस्थानात एकीकडे वेदांचे संशोधन आणि काही कोसांवर किर्लोस्करवाडीस कुंकवाच्या सक्तीपासून सोवळ्यापर्यंत सर्व रूढींची झाडाझडती, आणि दोहोंनाही संस्थानिकांचा आश्रय! मग १९४२ ची चळवळ आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारची वर्षे. त्या वर्षांत कुंडल-वाळव्याच्या टापूत सर्वांत मोठ्या घडामोडी घडत होत्या, पण कायद्याच्या जाचामुळे छापील पत्रांनी त्यांच्याविषयी मौन पाळणेच प्राप्त होते. तो इतिहास गुप्त पत्रकांत आणि लोकांच्या तोंडी राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची दैनिके आली, आणि पुढे ऑफसेट मुद्रण व मोठ्या पत्रांच्या जिल्हा आवृत्त्या आल्या, तेव्हा चार पानी साप्ताहिकाचा पिंडच बदलला. तो विषय या संग्रहाच्या कक्षेबाहेरचा आहे.

या पत्रांवर आजवर जे लिहिले गेले त्याच्या स्थूलमानाने तीन परंपरा दिसतात. पहिली इतिहासकारांची : रा. गो. कानडे, वि. कृ. जोशी, रा. के. लेले यांनी परिश्रमपूर्वक उभी केलेली, जिच्यावाचून आम्हांस एक पाऊल टाकता आले नसते; पण तिचे माप बहुधा राष्ट्रीय चळवळीचे आहे, आणि त्या मापात न बसणारी पत्रे तेथे उपरी ठरतात. दुसरी सूचिकारांची : शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नियतकालिकांची सूची हे एका पिढीने पुढच्या अनेक पिढ्यांसाठी केलेले काम आहे. तिसरी सत्यशोधकी साहित्याच्या अभ्यासकांची, जिने 'दीनमित्र', 'विजयी मराठा', 'हंटर' यांना विस्मृतीतून वर काढले, मात्र ब्राह्मणी पत्रांकडे पाहताना तीही पुष्कळदा एकाच चष्म्यातून पाहते.

या तिन्ही परंपरांना एका चौथ्या माणसाची मदत घ्यावी लागली आहे, आणि त्याच्याविषयी सावध राहावयास हवे. हा माणूस म्हणजे सरकारचा भाषांतरकार. मुंबई इलाख्यातील देशी पत्रांतून दर आठवड्यास निवडक मजकूर काढून त्याचा इंग्रजी गोषवारा गोपनीय म्हणून वरिष्ठांकडे पाठविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. सोबत पत्रांची यादी असे : पत्राचे नाव, गाव, खप, संपादकाचे नाव, जात आणि वय. चित्पावन ब्राह्मण, वय चाळीस. मराठा, वय तीस. अशा नोंदींच्या त्या रकान्यांवरून नजर फिरवली तरी हे अहवाल कोणासाठी आणि कशासाठी तयार होत हे कळते. आज दैवदुर्विलास असा की मूळ अंक गेले आणि गोषवारे राहिले. पुणेरी वा सातारी मराठीतला टोमणा इंग्रजीत आला की आरोप होतो. देवाची करुणा भाकणारे वाक्य धमकी होते. आणि पाऊसपाणी, जोंधळ्याचा भाव, पालीच्या किंवा म्हसवडच्या यात्रेतील पटकी, शाळेच्या छपराची दुरवस्था असा जो अर्ध्याहून अधिक मजकूर सरकारला निरुपयोगी तो गोषवाऱ्यात येतच नाही. ज्यांनी केवळ या अहवालांवरून मुफसलातील पत्रांचे चित्र रेखाटले त्यांना ही पत्रे सदासर्वदा राजकारणाने पेटलेली दिसली यात नवल नाही.

हे काम आताच का, याचे उत्तर कागदात आहे. १८६०-७० च्या सुमारास चिंध्यांच्या कागदावर छापलेले अंक, कसर लागली नसेल तर, अजून हाताळता येतात. पण पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, तो आम्लाने तांबूस होऊन घडीवर तुटतो. याचा अर्थ आजोबांच्या काळचे पत्र वाचता येते आणि वडिलांच्या काळचे हातात चुरा होते. ब्राह्मणेतर चळवळीची बहुतेक पत्रे या दुसऱ्या काळातली, आणि त्यांचे संच सार्वजनिक ग्रंथालयांनी त्या वेळी विकतही घेतले नाहीत. जुने वाडे पडून तेथे इमारती उठत असताना माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत जातात हे आपण सर्वच पाहतो. छायाप्रती करून ठेवण्याची साधने आज तालुक्याच्या गावीही स्वस्तात मिळतात. उणीव आहे ती गठ्ठ्यात काय आहे हे ओळखणाऱ्याची.

संग्रहाच्या रचनेविषयी थोडे सांगून थांबतो. उतारे आम्ही सालवार लावले नाहीत, गाववार लावले आहेत, कारण या पत्रांना संदर्भ गावाचा आहे. सातारा, वाई, इस्लामपूर आणि मग शेजारचा मुलूख असा क्रम ठेवला आहे. अग्रलेखांना जितकी जागा दिली तितकीच वाचकांच्या पत्रांना, बाजारभावांना आणि जाहिरातींना दिली आहे, आणि लिलावाच्या नोटिसा तर मुद्दाम वाढविल्या आहेत. कोणत्या सालात कोणाची जमीन, कोणाची भांडी, कोणाचे बैल विकावयास निघाले हे त्यांच्याइतके सरळ दुसरे काहीच सांगत नाही. त्यांतील व्यक्तींची नावे वगळली, गावांची ठेवली. शुद्धलेखन मूळचे आहे, अनुस्वारांसह. ज्या अंकाची मूळ प्रत मिळाली नाही त्याचा मजकूर इंग्रजी गोषवाऱ्यावरून परत मराठीत आणण्याचा मोह आम्ही टाळला. 'प्रतोदा'चा तो लेखही याच नियमाने येथे नाही, त्याच्या जागी खटल्याचा वृत्तान्त दिला आहे.